लोहाडे डॉक्टरांची वेलांटी

हर्निया हा आमच्या लासलगावचा गावरोग आहे. कांद्याची पोती उचलणाऱ्या माणसाच्या जांघेत कधी ना कधी गाठ येतेच. ती तो आधी बायकोपासून लपवतो, मग मुकादमापासून, आणि खोकल्यावर लिंबाएवढी फुगायला लागली की मान खाली घालून आमच्या दवाखान्यात येतो. मी एस्तेर साळवे. या दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरात एकतीस वर्षं सिस्टर होते, त्यातली एकोणीस वर्षं डॉ. हेमचंद्र लोहाडे यांच्या शेजारी उभी राहून. अशा किती गाठी आत गेलेल्या पाहिल्या ते आता आठवत नाही.

मी निवृत्त झाले त्याला तीन वर्षं झाली होती, आणि लोहाडे डॉक्टर जाऊन पाच. एका सकाळी वाघ डॉक्टर घरी आला. त्याला लोहाडे डॉक्टरांनी शस्त्रक्रिया शिकवली आणि मी हातमोजे घालायला शिकवलं. त्यामुळे दवाखान्याचा प्रमुख झाला तरी माझ्यासमोर अजून सरळ उभा राहतो.

"सिस्टर, घरी बसून काय करता?"

"गुडघे मोजते. अजून दोनच आहेत."

तो हसला आणि त्याने कामाचं सांगितलं. दवाखान्यात एक अभ्यास चालू होणार होता. हर्नियाच्या ऑपरेशनात कातडीला चीर देण्याच्या तीन रीती, त्यांतली कुठली बरी हे पाहायचं होतं. पहिली रीत साध्या पात्याची, आमच्या आज्यापणज्यांपासून चालत आलेली. दुसरी विजेच्या सुईची. त्या सुईतून फार वेगाने उलटसुलट होणारा प्रवाह जातो, पेशींमधल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि कातडी उघडते. बारीक शिरा तिथल्या तिथे भाजून बंद होतात, म्हणून रक्त कमी जातं. भाजल्यामुळे वण जाड येईल अशी जुन्या लोकांना भीती वाटायची, पण आजवरच्या सगळ्या तुलनांत या दोघांमध्ये एकोणीस-वीसचाच फरक निघाला होता.

तिसरी रीत नवी, यांत्रिक हाताची. यंत्राला चीर कशी द्यायची ते शब्दांत शिकवता येत नाही. कारण चांगल्या सर्जनला स्वतःलाच ते शब्दांत सांगता येत नाही. म्हणून काही वर्षांपूर्वी बऱ्याच दवाखान्यांत सुरीचे खास दांडे वाटले गेले होते. दांड्यात तांदळाएवढी यंत्रं होती, आणि हाताचा दाब, कोन, वेग आणि कंप ती टिपून ठेवायची. आमच्याकडेही ते दांडे चार वर्षं होते. अशा हजारो चिरांमधून प्रत्येक ऑपरेशनसाठी एकेका सर्जनचा हात निवडून कंपनीने तो यंत्राला शिकवला. कुणाचा हात घेतला हे गुपित ठेवायचा करार होता.

"आणि माझं काम?"

"वण बघायचे. सातव्या दिवशी, सहाव्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात. शंभर टाक्यांमधून वाकडा टाका ओळखणारी दुसरी नजर माझ्याकडे नाही. फक्त, कुठला वण कुठल्या रीतीचा हे तुम्हाला कळता कामा नये. कळलं तर तो आकडा बाद."

म्हणजे मी आंधळी परीक्षक. मंगळवारी दुपारी जायचं, पडद्याला केलेल्या खिडकीतून पेशंटची नुसती जांघ पाहायची आणि कागदावर दहापैकी गुण लिहायचे. चहाच्या खोलीत मात्र कानावर गोष्टी यायच्या. माझ्या जागी आलेली कल्पना त्या यांत्रिक हाताला 'जावई' म्हणायची, कारण त्याच्यासाठी एसी बंद करायची सोय नव्हती.

"आणि नखरे तर विचारू नका," ती म्हणाली. "सगळं तयार असतं, पातं कातडीवर धरतो आणि उगाच थांबून राहतो. मानपान झाल्याशिवाय हात लावत नाही."

मी हसले आणि विसरून गेले.

चौथ्या मंगळवारी खिडकीत एक वण आला. सात दिवसांचा होता. रेघ बारीक, गुलाबी, जांघेच्या घडीला समांतर. पण बाहेरच्या टोकाला, कमरेच्या हाडाकडे, ती किंचित वर वळली होती. तांदळाच्या दाण्याएवढी वेलांटी.

माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

ती वेलांटी मी एकोणीस वर्षं पाहिली होती. लोहाडे डॉक्टरांची उजव्या हाताची तर्जनी लहानपणी कडबाकुट्टीत सापडली होती. बोट वाचलं, पण पेर कायमचं ताठ राहिलं. चीर संपताना ते बोट वाकायचं नाही, मग मनगट वळायचं आणि पात्याचं टोक वर जायचं. बाजारतळावरच्या निम्म्या हमालांच्या कमरेला ही सही होती. डॉक्टरांना तिची फार लाज वाटे. दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात ते मोसंबी घेऊन बसायचे आणि सालीवर सरळ रेघा मारत राहायचे. रेघेच्या टोकाला दरवेळी वेलांटी यायची. मग म्हणायचे, "सिस्टर, हे जमायचं राहिलंच बघा," आणि मोसंबं माझ्याकडे सरकवायचे. एकोणीस वर्षांत मी किती मोसंबी खाल्ली असतील. एवढ्या पित्ताच्या माणसालाही कुणी देत नाही.

मला तो माणूस आवडत होता. एवढं साधं वाक्य लिहायला मला एकसष्ट वर्षं लागली. त्यांची बायको गेली तेव्हा मी चाळिशीत होते. त्यांच्या घरी चातुर्मास पाळला जायचा, माझ्या घरी रविवारी उपासनेनंतर मटण शिजायचं, आणि गाव तर काय, तळहाताएवढं. आम्ही कधी काही बोललो नाही. बोलायचं होतं ते थिएटरातच होत असे, आणि तेही एकाच अक्षरात.

ते असं. डॉक्टरांबरोबरच्या माझ्या पहिल्याच वर्षी एकदा ऑपरेशनच्या शेवटी कापसाचा एक बोळा कमी भरला. पेशंटच्या पोटात राहिला की काय म्हणून अर्धा तास सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी तो बोळा माझ्याच चपलेखाली सापडला. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "उद्यापासून तुमची मोजणी पूर्ण होऊन तुम्ही 'हं' म्हटल्याशिवाय मी पातं टेकवणार नाही." आणि खरंच, पुढे कधी टेकवलं नाही. पातं कातडीच्या वर धरून, मान न वळवता ते थांबायचे. मी मोजायचे, मग "हं" म्हणायचे, आणि हात खाली यायचा. पुढेपुढे माझी मोजणी आधीच झालेली असायची, तरी मी मुद्दाम एक श्वास जास्त घ्यायचे. सगळं थिएटर थांबलेलं, आणि तो माणूस माझ्या एका अक्षराची वाट बघत उभा. तेवढा एक श्वास माझा होता.

त्यांच्या कामाच्या शेवटच्या दिवशी हात धुताना त्यांनी विचारलं, "सिस्टर, रिटायर झाल्यावर काय करणार?"

मी म्हणाले, "झोप काढणार."

ते "बरं" म्हणाले आणि नळ बंद केला. आठ महिन्यांनी गेले. त्या प्रश्नाला माझ्याकडे निदान दहा बरी उत्तरं आहेत. सगळी नंतर सुचलेली.

तर तो वण. नियमाप्रमाणे मी लगेच उठून वाघ डॉक्टरला सांगायला हवं होतं की मला रीत कळली, माझे गुण बाद करा. मी पेन उचललं आणि दहापैकी नऊ लिहिले.

त्यानंतर माझे मंगळवार बदलले. मी इस्त्रीची साडी नेसायला लागले. खिडकीचा पडदा सरकला की आधी बाहेरचं टोक बघायचे. सरळ असलं तर सहा, सात, जे असेल ते. वेलांटी असली तर नऊ. चाळीसेक वण झाले, त्यांतल्या तेरांना वेलांटी होती. पाच वर्षांपूर्वी गेलेला माणूस दर आठवड्याला नव्या माणसांच्या अंगावर सही करत होता, आणि हे गावात फक्त मला माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी ती मूठ उशाशी घेऊन झोपत होते.

आणि एक दिवस भाऊसाहेब पगार आला. चेहरा पडद्याआड असला तरी आवाज मला ओळखीचा होता. कांद्याच्या खळ्यावरचा जुना हमाल, तीन महिने पुरे झालेला. वणाच्या टोकाला वेलांटी, आणि वेलांटीच्या खाली रुपयाएवढी ओली, लाल जखम.

"हे काय झालं?" मी विचारलं. पेशंटशी बोलायचं नाही हाही नियम होता, पण तोंड आवरलं नाही.

"पट्ट्यानं घासलं शिस्टर. पोतं उचलताना कमरेला आवळून बांधतो ना."

"मग आधी का नाही सोडलास?"

"कळायला पाह्यजे ना. तिथं काही लागतच नाही. बधिर झालंय सगळं. बायकोनं रक्त पाह्यलं कपड्याला, तवा समजलं."

मी कापसाचं टोक त्याच्या कातडीवरून फिरवलं आणि कुठे कळतं ते विचारत गेले. वेलांटीखाली तळहाताएवढ्या भागात त्याला काही कळत नव्हतं.

मी खुर्चीत मागे टेकले. मागच्या तेरा कागदांवर बधिरपणाच्या रकान्यात पेशंटनी काहीबाही लिहिलेलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं. मी टोकं बघत बसले होते. माझ्या नऊ-नऊ गुणांमुळे जावई पहिल्या नंबरात पास होणार होता, मग ही चीर गावोगावच्या दवाखान्यांत जाणार होती आणि पट्टा आवळणाऱ्या आणखी कितीतरी माणसांना अशीच जखम होणार होती. लोहाडे डॉक्टरांचं नाव घेऊन मी पेशंटशी दगाबाजी केली होती. त्यांना कळलं असतं तर त्यांनी माझ्या "हं"ची पुन्हा कधी वाट पाहिली नसती.

मी तशीच उठले आणि वाघ डॉक्टरच्या खोलीत गेले. कंपनीची इंजिनिअर अनुया तिथेच बसलेली होती. पुण्याची पोर, दर महिन्याला यंत्र तपासायला यायची. मी दोघांसमोर सगळं सांगितलं. वेलांटी कुणाची, मी ती कधी ओळखली, गुण कसे फुगवले. आवडत होता ते सांगितलं नाही. पण वाघ डॉक्टरने मान वर केली नाही, म्हणजे त्याला ते कधीचंच माहीत असावं.

अनुयाने तिच्या पडद्यावर रेघा उघडल्या. करारामुळे नाव सांगता येत नाही म्हणाली, पण चेहरा लपवता आला नाही.

"सिस्टर, मूळ हातात ही वेलांटी अगदी उथळ आहे. टोकाला आल्यावर सर्जन दाब जवळजवळ सोडून देत होते. आमच्या लोकांनी सुरक्षेसाठी चिरेची खोली सगळीकडे एकसारखी केली. वळण तेच राहिलं, पण हलकेपणा गेला. तिथून कातडीची एक बारीक नस जाते, ती कापली जातेय."

म्हणजे वळण डॉक्टरांचं होतं आणि खोली यंत्राची. आपली चूक आपल्याला ठाऊक असली की माणूस तिथे हात हलका करतो. यंत्राला ते ठाऊक नव्हतं.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"वेलांटी काढून टाकणार. रेघ सरळ करणार. पंधरा दिवसांत होईल."

अभ्यास थांबला, माझे सगळे आकडे बाद झाले. मी जायला उठले, तेव्हा खोकल्याची उबळ आली आणि माझा हात आपोआप जांघेकडे गेला.

"सिस्टर," तो म्हणाला, "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"मला हर्निया बघायला तुम्हीच शिकवलंय."

दोन वर्षं झाली होती. रुग्णांना उचलून उचलून बायकांनाही होतो तो. मी साडीच्या आत घडी घालून दाबून ठेवत होते. जन्मभर हमालांना यावरून बोलले, आणि स्वतः मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान.

घरी गेल्यावर मला एक गोष्ट सुचली आणि ती डोक्यातून जाईना. पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत वेलांटी अजून यंत्रात होती.

दुसऱ्या दिवशी मी वाघ डॉक्टरला म्हणाले, "माझं ऑपरेशन दुरुस्तीच्या आधी कर. जावयाच्या हातून."

तो म्हणाला, "खोली मी हाताने कमी ठेवू शकतो. नस वाचेल. वेलांटी राहील." त्याने संमतीचा कागद माझ्यापुढे सरकवला. "तारीख तुम्ही घाला."

मला ती वेलांटी हवी होती. लग्न नाही, अंगठी नाही, दोघांचा एकत्र फोटोसुद्धा नाही. निदान कातडीवर तांदळाएवढं काहीतरी असलं असतं, जे मेल्यावर माझ्याबरोबर मातीत गेलं असतं.

शनिवारची तारीख घालायला पेन टेकवलं, आणि मला मोसंबीची साल आठवली. पाठीत वाकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून एकोणीस वर्षं तो माणूस सरळ रेघ मारायला बघत होता. मला आवडत होती म्हणून मी ती वेलांटी जपायला निघाले होते, आणि त्यांनी तिच्यापायी बोट खिशात लपवलं होतं. त्यांना जे जमायचं राहिलं ते आता होणार होतं. मी मध्ये का यावं?

मी पेन उचललं आणि दुरुस्तीनंतरच्या मंगळवारची तारीख घातली. वाघ डॉक्टरने कागद ओढून घेतला आणि नाक पुसायला खिडकीकडे गेला. सर्दी झाली असेल.

त्या मंगळवारी मी एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या टेबलावर आडवी झाले. पाठीतून इंजेक्शन दिलं होतं, कमरेखाली काही कळत नव्हतं, वर मात्र टक्क जागी होते. छातीपाशी हिरवा पडदा. डोक्यावरच्या दिव्याच्या चकचकीत कडेत पडद्यापलीकडचं सगळं दिसत होतं. पेशंटला असं दिसू द्यायचं नसतं, दिवा फिरवायचा असतो. कल्पनाला नंतर बोलायचं ठरवलं.

अनुया माझ्या डोक्याशी स्टूल घेऊन बसली. "रेघ आता एकदम सरळ येते बघा," ती हळूच म्हणाली. "आणि एक सांगून ठेवते, घाबरू नका. पातं टेकवायच्या आधी हात थोडा थांबेल. बिघाड नाही तो. तीनेक सेकंद थांबतो."

"का?"

"मूळ हातातच आहे ते. प्रत्येक चिरेच्या आधी ते सर्जन तेवढे थांबलेत. आम्ही तो वेळ कापून पाहिला, पण मग रेघ थरथरते. त्या थांबण्यात त्यांची पकड स्थिर होत असावी. म्हणून तसंच ठेवलं. आता तर चाचणी चाललेल्या पंचवीस दवाखान्यांत थांबतोय. कशाची वाट बघायचे कुणास ठाऊक."



पडद्यापलीकडे कल्पनाने मोजणी संपवली. वाघ डॉक्टर म्हणाला, "सुरू करा." दिव्याच्या कडेत मला तो हात दिसला. राखाडी, बोटं नसलेला. पातं घेऊन तो माझ्या कातडीच्या वर आला आणि थांबला.

मी ओळखलं. मान न वळवता थांबायची ती रीत मी जगात दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही. वेलांटी गेली होती, पण हे कुणाला काढता आलं नव्हतं, कारण हे नसलं तर रेघ सरळ येत नव्हती. मी मनातल्या मनात मोजलं. बोळे, चिमटे, सुया. मोजून झाल्यावर एक श्वास जास्तीचा, माझा. त्यांनी तोही जसाच्या तसा ठेवला होता.

यंत्राला कान नसतात हे मला कळतं.

"हं," मी म्हणाले.

हात खाली आला.

"सिस्टर, काही म्हणालात का?" पडद्यावरून कल्पनाने डोकावून विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "चालू द्या."